पाचव्या ओळीला टिक नाही

३ ऑगस्ट, शनिवार

भार्गवीने हैदराबादहून ही वही पाठवली. जाड पुठ्ठा, आत तांबडी फीत. फोनवर म्हणाली, बाबा, रोज अर्धं पान लिहा, काय केलंत, कोण भेटलं, काय जेवलात. मी म्हटलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय खूळ? तर म्हणते, माझं आईशी बोलणं झालंय, तुम्ही फक्त लिहा. मायलेकींचं काय ठरतं ते मला नेहमी शेवटी कळतं. असो. शाळेतून आलो, पाय धुतले, लिहायला बसलो.

शनिवार म्हणजे पाढे. या शाळेत सव्वीस वर्षं मी हा नेम चालवला आहे. पहिल्या तासाला दहावीचा वर्ग उभा राहतो. एकेकाने एक पाढा म्हणायचा, म्हटला की बसायचं. अडखळला तो तास संपेपर्यंत उभा. आज शेवटी एकटी नेत्रावती उरली. सातचा पाढा, सात सक बेचाळीसपर्यंत आली आणि थांबली. आठवीपासून ही मुलगी दर शनिवारी उभी आहे. मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही, असं आता ठरूनच गेलं आहे.

परतताना बसमध्ये वेळ जाईना म्हणून अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी, मनात म्हणून काढले. एकदाही अडलो नाही. पाढे पाठ तर डोकं शाबूत, असं आमचे मास्तर म्हणायचे. खोटं नव्हतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज नेत्रावतीला फळ्यावर बोलावलं. वर्गसमीकरण, शेवटी अठ्ठेचाळीस, मधे चौदा. मी विचारायच्या आत तिने सांगितलं की दोन आकडे पाहिजेत, गुणले तर अठ्ठेचाळीस, मिळवले तर चौदा. बरोबर. मग सहा आठे किती हे काढायला बोटांच्या पेरांवर मोजत बसली. अठ्ठेचाळीस आले. तोंड फळ्याकडे वळवलं आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "सर, मी काय काढायले होते?"

वर्ग हसला. मी रागावलो नाही. रागवायला अंगात जोर लागतो.

पण याच मुलीने मागच्या आठवड्यात वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली होती, अशी की मी कंपास लावून तपासली तरी केसाचा फरक नव्हता. म्हणजे समजत नाही असं नाही. समजतं, आणि हातात धरलेलं गळून पडतं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक महादेवप्पांनी बोलावलं. गेल्या साली दहावीची सात मुलं गणितात गेली, संस्थेत नाचक्की झाली. यंदा सहा कच्च्या मुलांची यादी केली आहे. त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, की यंदा फॉर्म नको, पुढच्या साली बाहेरून बसवा. नेत्रावतीचं घर माझ्या वाट्याला. तिची आई लिंगम्मा मुडबीला राहते, कडक भाकऱ्या थापते आणि मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवरच्या हॉटेलांना पोचवते. मोठी लेक नापास झाली तशी चुलीपुढे बसली, ती बसलीच. नेत्रावतीला आयटीआयला ड्राफ्ट्समन व्हायचं आहे. गणित सुटलं तरच ते होतं.

मी महादेवप्पांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन वर्षं उरली आहेत, आता कुणाशी वाकडं कशाला घ्या.

२५ ऑगस्ट, रविवार

नलिनीला विसरायला होऊ लागलं आहे. कुणाला सांगितलेलं नाही. गेला महिनाभर ती स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवते. मिठाच्या डब्यावर मीठ, साखरेच्या डब्यावर साखर. छत्तीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने अंधारातसुद्धा बरोबर डबा उचलला तिच्यावर ही वेळ. आज गॅसच्या वरती एक मोठी चिठ्ठी दिसली, 'दूध ठेवलं आहे. बंद करून बाहेर जाणे.' मी चेष्टेत म्हटलं, आता देवालाही चिठ्ठी लिही, की मी कोण. ती हसली नाही. म्हणाली, "असू द्या हो. कुणाचं तरी काम होतंय."

मागच्या रविवारी दूध उतू गेलं होतं ते तिच्या मनाला लागलं असणार. त्या दिवशी ती देवळात गेली होती आणि मी घरी होतो, तेव्हा तसा दोष तिचाही नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

ती गॅसवरची चिठ्ठी डोक्यातून जाईना. म्हटलं, हेच नेत्रावतीला का नको?

आज शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. शंभर पानी वही दिली. एका ओळीत एकच पायरी. पायरी झाली की पुढे टिक. तोंडाने काही धरून ठेवायचं नाही, सगळं कागदाने धरायचं. एका जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध चौकोनी खिडकी पाडली. ती उदाहरणावर ठेवायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. पाढ्यांचा तक्ता बाजूला. आणि एक कडक नियम घातला, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक करायची नाही. झालं असेल, केलं असेल, हे चालणार नाही.

एक उदाहरण सोडवायला तिला अठरा मिनिटं लागली. उत्तर बरोबर. तिने तीनदा मागे जाऊन बघितलं, मग टिक केली. माझी सहाची बस गेली.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज नेत्रावतीला पाढा तक्त्यात बघून म्हणायला लावला आणि बसवलं. मागच्या बाकावरून कुजबूज झाली, आम्हाला कामून न्हाई तक्ता? प्रश्न वाजवी होता. मी उत्तर टाळलं आणि त्यांना दिडकी म्हणून दाखवली, एक दिडे दीडपासून पार वीस दिडे तीसपर्यंत. पोरांनी वह्या उघडल्या.

पण मनात किंतु आहेच. आयुष्यभर सांगत आलो की पाठांतर म्हणजे पाया. आता या पोरीला कुबडी देतोय का? उद्या कुबडी काढली तर? परीक्षेत तक्ता कोण देणार? दमलो. जेवलो नाही असं वाटत होतं, नलिनी म्हणाली जेवलात.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दसऱ्याची सुट्टी. ऑफिसात एक परिपत्रक धूळ खात पडलं होतं, ते कारकून अमरनाथने शोधून दिलं. हा माझाच जुना विद्यार्थी. नेत्रावतीसारख्या मुलांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मिळतो आणि कॅल्क्युलेटर वापरता येतो. कागद वीस डिसेंबरच्या आत बीईओ, म्हणजे तालुका शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला पोचले पाहिजेत.

मुडबीला लिंगम्माच्या घरी गेलो. महादेवप्पांचा निरोप सांगितलाच नाही, या परिपत्रकाचं सांगितलं. बाई भडकल्या. "सर, पोरगी येडी हाय म्हणून सरकारी शिक्का मारून घ्यायलाव का? उद्या पाव्हणे आले की पयला ह्योच कागद बघतील." मी समजावलं तितकं त्यांचं तोंड फुगलं. हात मात्र चालूच. सुकलेल्या भाकऱ्या मोजून टोपलीत रचत होत्या आणि दर पंचवीस झाल्या की एक चिंचोका बाजूला टाकत होत्या.

मी विचारलं, "लिंगम्मा, हे चिंचोके कामून ठेवायलाव?"

"न्हाईतर इसरतंय की सर."

"मग तुम्ही येड्या का?"

चुलीपुढची मोठी लेक पदर तोंडाला लावून हसली. लिंगम्मांनी चिंचोक्यांकडे बघितलं, मग मला दोन भाकऱ्या बांधून दिल्या. कलबुर्गीला डॉक्टरांकडे यायचं कबूल केलं. भाकऱ्या बसमध्येच राहिल्या बहुतेक.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कलबुर्गी. लिंगम्मा, नेत्रावती आणि मी. सरकारी दवाखान्यात दोन तास रांगेत, मग आत. डॉक्टरीणबाई तरुण, कन्नडमध्ये बोलायच्या, आवाज मऊ. आकडे सांगायच्या, नेत्रावतीने ते उलटे म्हणायचे. तीन आकड्यांपर्यंत ठीक, चारला गडबड. मग पाच शब्द सांगितले आणि वीस मिनिटं भलतंच काही करवून घेऊन पुन्हा विचारले. तिला तीन आठवले.

मीही बाजूला बसून मनात धरले होते, म्हटलं बघू तरी. त्यातला पेरू मला नक्की आठवला, कारण पेरू मला आवडत नाही. त्या खोलीतला पंखा फार कर्कश होता. डोक्यात काही राहीना, असं बाहेर आल्यावर मी नेत्रावतीला म्हटलंही. मी पुटपुटत होतो ते बाईंनी बघितलं असावं.

बाई लिंगम्माला म्हणाल्या, पोरीची समज चांगली आहे, पण एका वेळी हातात दोनच भांडी मावतात, तिसरं दिलं की पहिलं पडतं. कागद देते. वहीची युक्ती कुणाची? मी म्हटलं, माझी. त्यांनी वही उलटून पालटून बघितली. निघताना म्हणाल्या, "अच्युतराव, तुम्हीही एकदा सवडीनं या. घरच्या कुणाला तरी घेऊन." शहरातल्या डॉक्टरांना आताशा इतकी रीतभात असते हे बघून बरं वाटलं.

बसस्थानकावर मी निंबर्ग्याच्या गाडीत चढून बसलो होतो. लिंगम्मांनी खिडकीतून हाक मारून उतरवलं. फलाट बदललेत वाटतं. बसमध्ये नेत्रावतीने राहिलेले दोन शब्द आठवून सांगितले आणि वहीत टिक केली.

८ डिसेंबर, रविवार

प्रमाणपत्र शुक्रवारी आलं. आज नेत्रावती सरावाला घरी आली होती. तिच्यासमोरच बीईओंना शिफारसपत्र लिहिलं, सही केली, सगळे कागद पाकिटात घातले आणि हरवू नयेत अशा जागी ठेवले. मग तिच्यासाठी लग्नपत्रिकांच्या आणखी चार खिडक्या कापल्या, त्याही एका पाकिटात घालून टेबलावर ठेवल्या. ती आता घरचं सगळंच वहीत लिहिते. दळण, शेळीचं पाणी, अव्वाचं म्हणजे आईचं औषध. मी म्हटलं, पुरे, सावलीलाही टिक करशील. ती म्हणाली, "बरं वाटतंय सर. डोकं रिकामं राहतंय." गणितात तिला या वेळी ऐंशीपैकी बत्तीस पडले. ऑगस्टमध्ये नऊ होते.

नलिनीने तिला जेवायला घातलं. दोघी आत बराच वेळ बोलत होत्या.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळी टेबलावरचं पाकीट उचललं आणि शाळेत पोचल्या पोचल्या अमरनाथच्या हातात दिलं. म्हटलं, जपून, मुलीचं आयुष्य आहे त्यात. सुटलो एकदाचा.

१९ डिसेंबर, गुरुवार

नेत्रावतीने पुन्हा विचारलं, सर, पाकीट दिलाव का? परवाही विचारलं होतं. मी खेकसलो. झालं म्हटलं ना एकदा. तिने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. या वहीचं आता अतीच झालं आहे.

७ जानेवारी, मंगळवार

यादी आली. तालुक्यातल्या अकरा मुलांना सवलत. नेत्रावतीचं नाव नाही.

मी ऑफिसात जाऊन अमरनाथला धरलं. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. हलगर्जी म्हटलं, पोरीच्या ताटात माती कालवलीस म्हटलं, शिपायासकट सगळे ऐकत होते. तो उभा राहिला, हात बांधून, मी त्याला आठवीत उभा करायचो तसाच. माझं बोलून संपल्यावर ड्रॉवरमधून पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं. आत लग्नाच्या चार पत्रिका, मधोमध भोकं पाडलेल्या.

"तुम्ही हे दिलाव सर. मला वाटलं, वर्गाचं काहीतरी असंल, मागून सांगतील. विचारायला पायजे होतं, चुकलं माझं."

का विचारलं नाहीस म्हटलं तर पाकीट पुन्हा बंद करू लागला. मग हळू म्हणाला, की हल्ली विचारलं की सर चिडतात, म्हणून तो बऱ्याच गोष्टी विचारत नाही, आपल्या आपण करून टाकतो. दिवाळीपासून माझ्या वर्गाची हजेरी त्यानेच पुरी केली आहे म्हणे. मला वाटलं हा आपली चूक झाकायला बोलतोय. कागद दिल्याचं मला लख्ख आठवतं. मी घरी आल्यावर ही डायरी काढून बघितली. दहा तारखेला लिहिलेलं आहे, अमरनाथच्या हातात दिलं. हा घ्या पुरावा.

८ जानेवारी, बुधवार

आज डायरी घेऊन शाळेत गेलो, महादेवप्पांना दाखवायला. व्हरांड्यात नेत्रावती थांबली होती. तिला यादीचं कळलं होतं. रडून डोळे सुजले होते. वही उघडून माझ्यापुढे धरली.

तिचं अक्षर मोठं आणि सरळ आहे. उतरवून घेतो.

'८ डिसेंबर. १. शिफारसपत्र. २. सही. ३. कागद पाकिटात. ४. पाकीट सरांनी भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवले.' चारही ओळींपुढे टिक. '५. अमरनाथ सरांकडे देणे.' पाचव्या ओळीला टिक नाही. तिच्याखाली बारीक अक्षरात, 'विचारले. सर म्हणाले झाले. मी बघितले नाही.' त्याखाली एकोणीस तारीख, आणि पुन्हा तेच.

मी म्हटलं, मग टिक का नाही केलीस? मी सांगितलं होतं ना झालं म्हणून.

"डोळ्यांनी बघितल्याबिगर करायची न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलाव सर."

पहिला तास सोडून मी बसने घरी आलो. खुर्चीवर चढून घड्याळ काढलं. पाकीट होतं. धूळसुद्धा बसली नव्हती फारशी. नलिनी खुर्ची धरून उभी होती. तिने पाकीट बघितलं आणि कुणाचं आहे म्हणून विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

काल झोप लागली नाही. दहा तारखेचं पान मी कितीदा वाचलं. टेबलावरचं पाकीट, असं मीच लिहिलं आहे. आठ तारखेच्या पानावर टेबलावर काय ठेवलं तेही मीच लिहिलं आहे. दोन पानांत उत्तर होतं आणि गणिताचा मास्तर त्यावर बसून होता.

महादेवप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मुदत गेल्याला वीस दिवस झाले, उशिराचं कारण लेखी दिल्याशिवाय बीईओ कागद वर पाठवणार नाहीत. मग दार लोटून घेऊन म्हणाले, लिहा, कारकुनाकडून राहून गेलं. त्याला एक मेमो मिळेल, विषय संपेल. तुम्ही विसरलात असं लिहिलंत तर प्रश्न तुमच्यापाशी थांबायचा नाही, दहावीचा वर्ग तुमच्याकडे ठेवावा की नाही हा विचार मलाही करावा लागेल.

बाहेर अमरनाथ उभा होता. त्याने ऐकलं होतं. "सर, माझंच नाव घाला. माझी नोकरी अजून तीस वर्षं हाय. एक मेमो पचतोय."

खरं सांगतो, मला मोह झाला. एक क्षण नाही, चांगला अर्धा तास झाला. सव्वीस वर्षं ज्या वर्गात पाढे म्हणवून घेतले तिथून, याला आठवत नाही म्हणून उठवलं, असं ऐकून घ्यायचं? परवा ज्याला चारचौघांत झाडलं तोच आज माझ्यासाठी मान पुढे करत होता, आणि मी ती मान घ्यावी की काय या विचारात होतो. लाज वाटली. पण लाज वाटूनही पेन उचलायला वेळ लागला.

शेवटी कन्नडमध्ये लिहिलं. कन्नडमध्ये लिहिताना दुसऱ्या कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून जमलं. 'विद्यार्थिनीचे कागद मी घरी ठेवले व देण्यास विसरलो. कारकून अमरनाथ यांची यात चूक नाही.' इथे सही करणार होतो. मग आणखी एक ओळ लिहिली गेली, 'अलीकडे मी अशा गोष्टी विसरतो.'

नेत्रावती आणि मी बीईओ ऑफिसला गेलो. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. म्हणाले, मास्तर, हे वर फाइलला लागेल. मी म्हटलं, लागू दे. त्यांनी शिक्का मारून आवक क्रमांक दिला. नेत्रावतीने शिक्का मारताना वाकून बघितलं आणि मग पाचव्या ओळीला टिक केली.

अमरनाथची माफी मागितली. सगळ्यांसमोर मागायला हवी होती, कारण झाडलं होतं सगळ्यांसमोर. ते उद्या.

१० जानेवारी, शुक्रवार

मागितली.

१ फेब्रुवारी, शनिवार

नेत्रावतीची सवलत मंजूर झाली, पत्र काल आलं. जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर, दोन्ही. लिंगम्मांनी शाळेत टोपलीभर भाकऱ्या पाठवल्या. महादेवप्पांनी दुसरीकडे सांगितलं, की जूनपासून मला सहावी. तोंड कडू झालं, पण भाकरी खाल्ली.

आज पाढे घेतले नाहीत. पहिल्या तासाला वर्ग सवयीने उभा राहिला, मी बसा म्हटलं. सगळे बसल्यावर नेत्रावतीला काय करावं कळेना, ती थोडी उशिरा बसली. तक्ता देईपर्यंत शनिवारी मी तिला बसलेली कधी बघितली नव्हती. किती शनिवार झाले असतील? मोजायला घेतले आणि सोडून दिले.

तास संपल्यावर टेबलावर एक शंभर पानी वही होती. खिशात मावेल अशी मधोमध कापून शिवलेली. पहिल्या पानावर तारीख, खाली एक ते दहा आकडे आणि पुढे रिकाम्या ओळी. कुणी ठेवली विचारायची गरज नव्हती. मला राग आला. अडतीस वर्षं गणित शिकवणाऱ्याला हे? वही घरी आणून कपाटात टाकली.

९ मार्च, रविवार

कपाटातली वही काढली. शाळेतून येताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी डावीकडे की उजवीकडे असा विचार करत होतो, काल. थोडाच वेळ. याबद्दल आणखी लिहिणार नाही, लिहायचं ते झालं.

२४ मार्च, सोमवार

गणिताचा पेपर. मला ड्यूटी नव्हती. तरी गेलो आणि परीक्षा केंद्रासमोरच्या कट्ट्यावर बसलो. दुपारी तिथेच डबा खाल्ला. बाकीची पोरं केव्हाच सुटली, प्रश्नपत्रिकांचे कागद उडवत गेली. लिंगम्मा टोपली घेऊन माझ्याशेजारी बसून होत्या. नेत्रावती सगळ्यांच्या शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना. प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. प्रत्येक प्रश्नापुढे टिक होती, दोन सोडून.

"हे दोन कामून राहिले?"

"सोडवले की सर. पण बरोबर हाय का न्हाई ते मला कळंना. मग टिक कशी करू?"

मी तिथेच बसून टिक केलेल्यांची बेरीज केली. पास व्हायला पुरते, थोडे वर उरतात. लिंगम्माला तसं सांगितलं. बाईंनी टोपलीवरचं फडकं तोंडाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

उद्या नलिनी मला कलबुर्गीला नेणार आहे, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. नेत्रावतीला कुठून कळलं कोण जाणे. तिने माझ्या खिशातली वही मागून घेतली आणि माझ्याच पेनाने लिहिलं. एक, कलबुर्गीची गाडी. दोन, डॉक्टरांना खरं सांगणे, पंख्याचं नाव न घेणे. तीन, येताना निंबर्ग्याच्या गाडीत न बसणे. मी म्हटलं, बाई, तू आता मलाच शिकवायला लागलीस. ती लाजली. खरं तर मला हसू आलं होतं आणि रडूही, आणि दोन्हीला अंगात त्राण नव्हतं.

घरी आलो तेव्हा नलिनी तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि महिनाभर जे ओठांवर येत होतं ते विचारलं, की त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या कुणासाठी लावल्यास? ती म्हणाली, माझ्यासाठीच की, मला हल्ली आठवत नाही. मान वर केली नाही.

मी म्हटलं, "मला अजून एकोणतीसचा पाढा येतो."

"म्हणा," ती म्हणाली.

मी म्हटला. एकोणतीस एके एकोणतीसपासून एकोणतीस दाहे दोनशे नव्वदपर्यंत, कुठे न अडता. तिने सूप खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आज डब्यात काय दिलं होतं मी?"

डबा ओट्यावर धुऊन उपडा घातलेला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तिने घाई केली नाही. मी खिशातून वही काढली.